समोर कोण होतं? किडनीच्या कॅन्सरवरील इम्युनोथेरपीचा इतिहास

पेट झाली, प्रवेश झाला, आणि गाईडनी सांगितलं, "आधी पेपर वाचा." मग आपण पेपर उघडतो, गोषवारा वाचतो, शेवटच्या ओळीवर थांबतो आणि वहीत लिहून ठेवतो: अमुक औषध परिणामकारक. घाई होते ती इथेच. क्लिनिकल ट्रायलचा पेपर हातात आला की औषधाच्या गुणगानाआधी एक गोष्ट शोधायची असते. समोर कोण होतं? म्हणजे ज्यांना हे औषध दिलं नाही, त्यांना काय दिलं होतं? पेपरात त्या गटाला कंट्रोल आर्म म्हणतात. आपण तुलनागट म्हणू.

नुसती व्याख्या सांगून हे पटत नाही. म्हणून आज एका आजाराचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाच्या अंगाने सांगते. आजार म्हणजे किडनीचा कॅन्सर, तोही पुढच्या टप्प्यातला, किडनीबाहेर फुफ्फुसात, हाडात पसरलेला. या इतिहासाची सुरुवात अमेरिकेत होते, पण त्याची दोन महत्त्वाची पानं मुंबईत लिहिली गेली आहेत आणि त्यांचा संबंध आपल्या मराठवाड्यातल्या रुग्णांशी आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, संशोधक विद्यार्थी आहे. हा लेख पेपर कसा वाचायचा यावर आहे, कोणी काय उपचार घ्यावेत यावर नाही.

आपोआप विरघळलेल्या गाठी

१९२८ साली मेयो क्लिनिकमधल्या बम्पस या मूत्ररोगतज्ज्ञाने एका रुग्णाची हकीकत छापली. कॅन्सर झालेली किडनी शस्त्रक्रियेने काढली आणि त्यानंतर फुफ्फुसात पसरलेल्या गाठी एक्स-रेवर दिसेनाशा झाल्या. फुफ्फुसावर उपचार असा काही केलेलाच नव्हता. पुढच्या दशकांत अशा तुरळक नोंदी येत राहिल्या. हे फार क्वचित घडतं, शंभरात एखाद्यालाही नाही. पण घडतं हे नक्की.

यातून डॉक्टरांनी काढलेला पहिला अर्थ आशेचा होता. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती हा कॅन्सर ओळखत असली पाहिजे, तिला थोडा हात दिला तर ती बाकीचं काम करेल. नेहमीच्या केमोथेरपीला हा कॅन्सर जवळजवळ दाद देत नाही, त्यामुळे ही आशा आणखी मोठी वाटली.

दुसरा अर्थ मात्र बराच काळ मागे राहिला. काहीच न देता जर गाठी कधीकधी आकसत असतील, तर औषध दिल्यावर आकसलेली गाठ औषधाने आकसली हे कशावरून? हे सांगायला औषध न घेतलेला गट शेजारी हवाच.

तुलनागट नसलेलं यश

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत टी-पेशींची वाढ करणारा एक घटक सापडला. पुढे त्याला इंटरल्यूकिन-२ हे नाव पडलं. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी. त्याच संस्थेतले शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी हे रेणू मोठ्या डोसमध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये त्यांनी २५ रुग्णांवरचा पहिला अहवाल छापला आणि जगभर खळबळ उडाली.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी इंटरल्यूकिन-२ ला मान्यता दिली. ती ज्या आकड्यांवर दिली ते बघा. सात छोट्या ट्रायल्समधले मिळून २५५ रुग्ण. त्यांपैकी १४ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, त्यातल्या ५ टक्क्यांच्या पूर्ण गेल्या. उपचारामुळेच सुमारे ४ टक्के रुग्ण दगावले. हे औषध रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लावतं, रक्तदाब कोसळतो, त्यामुळे ते अतिदक्षता विभागासारख्या सोयीशिवाय देताच येत नाही. साहजिकच रुग्ण निवडताना हृदय-फुफ्फुस धडधाकट असलेलेच निवडले गेले.

समोर कोण होतं? कोणीच नाही. या सातही ट्रायल्समध्ये तुलनागट नव्हता.

मग मान्यता चुकीची होती का? तसं नाही. ज्यांच्या गाठी पूर्ण गेल्या, त्यांच्यातले बरेच जण वर्षानुवर्षं बरे राहिले. पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरमध्ये तेव्हा हे जवळजवळ ऐकिवात नव्हतं. परिणाम एवढा ठळक असला की तुलनागटाची उणीव थोडी झाकली जाते. पण बाकीच्या ८६ टक्क्यांचं काय? धडधाकट रुग्ण निवडल्यामुळे सरासरी आयुष्य वाढलेलं दिसलं की औषधामुळे? या आकड्यांतून त्याचं उत्तर निघत नाही.

साधं पाणी जिंकलं तेव्हा

याच काळात इंटरफेरॉन नावाची प्रथिनं वापरात आली. त्यांचे प्रकार आहेत, अल्फा आणि गॅमा, आणि ते वेगळे रेणू आहेत हे लक्षात ठेवा. इंटरफेरॉन गॅमाच्या सुरुवातीच्या, तुलनागट नसलेल्या छोट्या अभ्यासांत चांगले परिणाम दिसले होते. मग कॅनडातल्या डॉक्टरांनी नीट ट्रायल केली. १९७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने दोन गट, एका गटाला इंटरफेरॉन गॅमा आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं, दिसायला तसंच इंजेक्शन. निकाल १९९८ मध्ये छापला गेला.

इंटरफेरॉनच्या गटात ४.४ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. प्लासिबोच्या गटात ६.६ टक्के. आयुष्याचा मध्यक इंटरफेरॉन गटात १२.२ महिने, प्लासिबो गटात १५.७ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हता, म्हणजे प्लासिबो चांगला असं म्हणता येत नाही. पण औषध चांगलं असं तर अजिबातच म्हणता येत नाही.

मला हा पेपर संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं वाटतं. बम्पसने १९२८ मध्ये पाहिलेली गोष्ट सत्तर वर्षांनी तुलनागटात पुन्हा दिसली. तो गट नसता तर ४.४ टक्के हा आकडा यश म्हणून मिरवला गेला असता.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ब्रिटनमधल्या ट्रायलचा निकाल आला. ३३५ रुग्ण, एकीकडे इंटरफेरॉन अल्फा, दुसरीकडे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे तेव्हा सर्रास दिलं जाणारं संप्रेरक. आयुष्याचा मध्यक ८.५ महिने विरुद्ध ६ महिने. अडीच महिन्यांचा फायदा. छोटा, पण तुलना करून मिळालेला. म्हणून तो टिकला.

काल जिंकलेला आज समोर उभा

क्लिनिकल संशोधनाची रीत अशी की काल जो जिंकला तो आज तुलनागटात बसतो. इंटरफेरॉन अल्फाचं तेच झालं. किडनीच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक बिघडलेलं असतं आणि त्यामुळे गाठ नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं विणून घेते. हे समजल्यावर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आल्या. २००७ मध्ये छापलेल्या ७५० रुग्णांच्या ट्रायलमध्ये सुनिटिनिबने इंटरफेरॉनला मागे टाकलं. आजार न वाढता गेलेला काळ ११ महिने विरुद्ध ५ महिने. त्यानंतर सुनिटिनिब तुलनागटाच्या खुर्चीत बसलं.

याच पिढीतली दुसरी गोळी सोराफेनिब. तिची तुलना प्लासिबोशी झाली होती, ९०३ रुग्णांत. आजार थांबल्याचा काळ ५.५ महिने विरुद्ध २.८ महिने निघाला. फायदा स्पष्ट दिसल्यावर प्लासिबोवाल्यांनाही औषध घ्यायची मुभा दिली गेली. माणुसकी म्हणून ते योग्यच होतं, पण त्यामुळे शेवटच्या हिशोबात दोन्ही गटांच्या आयुष्यातला फरक पुसट झाला. पेपरात 'क्रॉसओव्हर' हा शब्द दिसला की इथे थांबायचं. तुलनागट शेवटपर्यंत तुलनागट राहिला होता का, हे तपासायचं.

मुंबईतलं पहिलं पान: पेटंट कार्यालय

सोराफेनिब भारतात बायर कंपनी नेक्सावार या नावाने विकत होती. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी आदेश दिला. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना. नॅटकोने तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत विकायचं आणि बायरला विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी द्यायची. पुढे अपिलात ती ७ टक्के झाली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

हे इम्युनोथेरपीचं औषध नव्हे, तरी या इतिहासात त्याला जागा द्यावी लागते. कारण त्या आदेशातही मूळ प्रश्न तुलनेचाच होता. देशात या औषधाची गरज किती रुग्णांना आहे आणि प्रत्यक्षात ते किती जणांपर्यंत पोहोचलं? ट्रायलमध्ये औषध चाललं की नाही हा एक प्रश्न. ते रुग्णाच्या हातात पडलं की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप येत नाही.

ब्रेक काढणारी औषधं

आता पुन्हा प्रतिकारशक्तीकडे येऊ. इंटरल्यूकिन आणि इंटरफेरॉन हे टी-पेशींचा ॲक्सिलरेटर दाबत होते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांच्या कामातून वेगळीच बाजू पुढे आली. टी-पेशींवर सीटीएलए-४ आणि पीडी-१ नावाचे ब्रेक असतात, आणि कॅन्सर त्यांचा फायदा घेतो. हे ब्रेक प्रतिपिंडांनी झाकले तर पेशी पुन्हा कामाला लागतात. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पीडी-१ झाकणारं निवोल्युमॅब किडनीच्या कॅन्सरमध्ये आधी दुसऱ्या फळीत आलं, म्हणजे गोळ्यांनी काम थांबवल्यावर. ८२१ रुग्णांच्या ट्रायलमध्ये समोर होती एव्हेरोलिमस ही गोळी. आयुष्याचा मध्यक २५ महिने विरुद्ध १९.६ महिने. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग २०१८ मध्ये पहिल्याच फळीत निवोल्युमॅब आणि इपिलिम्युमॅब ही जोडी सुनिटिनिबसमोर उभी राहिली. मध्यम आणि जास्त जोखमीच्या ८४७ रुग्णांत दीड वर्षानंतर ७५ टक्के विरुद्ध ६० टक्के रुग्ण हयात होते. गाठी पूर्ण नाहीशा झालेले ९ टक्के विरुद्ध १ टक्का.

२०१९ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब या जोडीनेही सुनिटिनिबला हरवलं. आता एक नेहमीचा प्रश्न: या दोन जोड्यांपैकी चांगली कोणती? दोन्ही पेपर शेजारी ठेवून टक्केवारी जुळवायचा मोह होतो. पण दोघींच्या समोर सुनिटिनिब होतं, एकमेकी नव्हत्या. रुग्णांची निवडही वेगळी होती. दोन वेगळ्या गावांतल्या कुस्त्यांत एकाच पैलवानाला पाडलेले दोघे, त्यांच्यात भारी कोण हे त्यांची आपसात लढत झाल्याशिवाय ठरत नाही.

डोस कुठून आला?

निवोल्युमॅबचा डोस आधी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम होता, दर दोन आठवड्यांनी. पुढे सरसकट २४० मिलिग्रॅम झाला. हा आकडा कुठून आला असेल?

जुन्या केमोथेरपीत रुग्णाला सहन होईल तेवढा मोठा डोस द्यायची रीत होती. विष आहे, जास्त दिलं तर जास्त पेशी मरतील. पण ब्रेक झाकणाऱ्या प्रतिपिंडांचं गणित वेगळं. ब्रेक एकदा पुरते झाकले गेले की वर आणखी औषध ओतून काय होणार? २०१० मध्ये छापलेल्या, ३९ रुग्णांवरच्या अगदी पहिल्या अभ्यासात दिसलं होतं की एका डोसनंतर दोन महिन्यांपर्यंत टी-पेशींवरचे बहुतेक पीडी-१ रेणू झाकलेले राहतात, आणि डोस लहान होता की मोठा याने त्यात फारसा फरक पडत नाही.

किडनीच्या कॅन्सरमध्ये तर याची थेट परीक्षा झाली. २०१५ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये १६८ रुग्णांना तीन डोसांत वाटलं होतं: दर किलोला ०.३, २ आणि १० मिलिग्रॅम. समोर कोण होतं? तेच औषध, वेगळ्या डोसमध्ये. गाठी आकसलेल्या रुग्णांचं प्रमाण अनुक्रमे २०, २२ आणि २० टक्के. आजार थांबल्याचा काळ २.७, ४.० आणि ४.२ महिने, आणि त्यात डोसप्रमाणे चढता क्रम सिद्ध झाला नाही. डोस तेहेतीस पट वाढवूनही गाठी आकसण्याचं प्रमाण हललं नाही.

पण पुढचा आकडाही वाचायचा. आयुष्याचा मध्यक १८.२, २५.५ आणि २४.७ महिने. सगळ्यात लहान डोसचा गट इथे मागे दिसतो. ट्रायल एवढी छोटी होती की हा फरक खरा की योगायोग, हे तिच्यावरून ठरत नाही. लहान डोसच्या बाजूने बोलणारे पहिली ओळ सांगतात, विरोधात बोलणारे दुसरी. तुम्ही दोन्ही सांगा.

मुंबईतलं दुसरं पान: परळ

साठ किलोच्या माणसाला दर किलोला ०.३ मिलिग्रॅम म्हणजे १८ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा आणि परळला चला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये.

तिथल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी आधी स्वस्त उपचारांची नीट परीक्षा घेतली होती. २०२० मध्ये छापलेल्या ४२२ रुग्णांच्या ट्रायलमध्ये मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या साध्या गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या, मध्यक ७.५ महिने विरुद्ध ६.१ महिने. पुढच्या ट्रायलमध्ये त्यांनी या गोळ्यांत एर्लोटिनिब मिळवून तो तुलनागट केला. दुसऱ्या गटाला याच गोळ्या आणि वर दर तीन आठवड्यांनी निवोल्युमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. एकूण १५१ रुग्ण. २०२२ मध्ये निकाल आला: वर्षानंतर हयात असलेले १६.३ टक्के विरुद्ध ४३.४ टक्के. मध्यक ६.७ महिने विरुद्ध १०.१ महिने.

सहा आठवड्यांचा हिशोब करा. २४० मिलिग्रॅमच्या रीतीने तीन डोस, ७२० मिलिग्रॅम. परळच्या रीतीने दोन डोस, ४० मिलिग्रॅम. अठरा पट फरक. सगळ्यात छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची येते, म्हणजे दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावलं तर एका कुपीत दोघांचं भागतं.

आता आपला प्रश्न. समोर कोण होतं? निवोल्युमॅब न मिळालेले रुग्ण. पूर्ण डोस मिळालेले नव्हेत. म्हणून या ट्रायलने सिद्ध केलं ते एवढंच, की काहीच इम्युनोथेरपी न मिळण्यापेक्षा लहान डोस मिळणं कितीतरी चांगलं. लहान डोस पूर्ण डोसच्या तोडीचा आहे, असं ती म्हणत नाही. तसं म्हणायला हजाराच्या घरात रुग्ण लागतात, कारण 'कमी नाही' हे सिद्ध करणं 'जास्त आहे' हे सिद्ध करण्यापेक्षा बहुधा अवघड असतं.

मग त्यांनी पूर्ण डोसचा तुलनागट का घेतला नाही? कारण आपल्याकडे पूर्ण डोस परवडणारे रुग्ण मोजकेच. बाकीच्यांच्या समोर खरा पर्याय 'पूर्ण की लहान' असा नसतोच, तो 'लहान की काहीच नाही' असा असतो. त्यामुळे हा तुलनागट कमकुवत नाही, तो आपल्या वास्तवातून घेतलेला आहे. अमेरिकेतल्या ट्रायलला हा प्रश्न सुचलाच नसता.

मग किडनीच्या कॅन्सरचं काय?

इथे हात आखडावा लागतो. परळचा निकाल डोक्या-मानेच्या कॅन्सरचा आहे. तंबाखू, गुटखा आणि मिसरीच्या आपल्या भागात त्याचे रुग्ण उदंड. तोंडाच्या कॅन्सरचेच देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे, तर किडनीच्या कॅन्सरचे सतरा हजारांच्या आसपास. रुग्ण कमी म्हणजे ट्रायल उभी राहायला वेळ जास्त. तिथला निकाल उचलून इथे चिकटवता येत नाही. पण प्रश्न मात्र उचलता येतो. २०१५ च्या १६८ रुग्णांनी तो अर्धवट सोडलेलाच आहे.

आणि असे प्रश्न उचलायला आधी मोजणी लागते. इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिची शाखा १९७८ मध्ये आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आली. २०१२ पासून आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या ज्या माणसाला पूर्वी थेट परळची गाडी धरावी लागायची, त्याला आता निदान पहिला दरवाजा इथे आहे. त्या दारातून कोण आत आलं, कोणत्या टप्प्यावर आलं, काय दिलं, पुढे काय झालं, ही नोंद नीट ठेवली तर तीसुद्धा संशोधनच असतं. नोंद नसेल तर उद्याच्या ट्रायलला 'समोर कोण होतं' याचं उत्तर देता येणार नाही.

आता गृहपाठ. या आठवड्यात तुमच्या विषयातला कोणताही एक तुलनात्मक पेपर घ्या, कॅन्सरचाच हवा असं नाही, माती, खत, कापसाचं वाण काहीही चालेल. निष्कर्ष झाकून ठेवा. आधी वहीत चार ओळी लिहा: समोर कोण होतं, त्यांची निवड कशी झाली, शेवटपर्यंत ते त्याच गटात राहिले का, आणि ही तुलना तुमच्या गावातल्या माणसाच्या खऱ्या पर्यायांशी जुळते का. मग निष्कर्ष उघडा आणि या चार ओळींना तो पेलतो का बघा. पेलत नसेल तर त्या जागेवर खूण करून ठेवा. सिनॉप्सिस लिहिताना ती कामाला येईल.